नादि, नीदि

सकाळी सहाला जुळे सोलापुरात
सिमेंट अजून कालच्या उन्हाची ऊब धरून असतं.
सोसायटीच्या मागं, जिथं पूर्वी टँकर उभा राहायचा,
तिथं पिवळ्या रंगानं आखलेलं कोर्ट.
एक रेघ जराशी वाकडी, कारण आखताना
निंबर्गी सरांना फोन आला.

जाळीजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात.
तिथं उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही.
सरांनी नियम सांगितला तेव्हा मी एवढी हसले
की त्यांना वाटलं, मला कळलाच नाही.
तीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं,
बाई, किचनच्या बाहेर थांब.

माझी जोडीदार अनसूया बोल्ली.
अशोक चौकाच्या पलीकडं कारखान्यात कांड्या भरायची.
धागा तुटायच्या आधी, म्हणते, आवाज पातळ होतो.
किती आधी?
तिनं दोन बोटं जवळ आणली,
मधून चिमूटभर उजेड दिसला.
"एवढं."

मारून झालं की माझा हात खाली जायचा.
आपलं काम संपलं अशा थाटात
मी माझाच फटका बघत उभी,
आणि तो परत आलेला असायचा, पोटाशी.
अनसूया काही बोलायची नाही.
फक्त तिच्या पॅडलच्या कडेनं माझं पॅडल
खालून वर उचलायची, छातीपर्यंत.
पहिल्या महिन्यात किती वेळा, मोजलं नाही.

मधला चेंडू मात्र भांडणाचा.
ती तेलुगूत ओरडायची; घाईत घरचीच भाषा येते.
नादि म्हणजे माझा.
नीदि म्हणजे तुझा.
काना की वेलांटी, एवढाच फरक,
आणि चेंडू शुद्धलेखनासाठी थांबत नाही.
दोघी धावायचो, पॅडलवर पॅडल,
नाहीतर दोघी थांबायचो सभ्यपणानं
आणि तो आमच्यामधून निघून जायचा,
लग्नात कुणाचाच नसलेला पाहुणा
जेवून जावा तसा.

एप्रिलपासून ओरडणं बंद.
मी तिचा डावा पाय बघते.
टाच उचलली तर तिचा,
टेकलेली असली तर माझा.
ती माझं काय बघते, सांगत नाही.
म्हणते, सांगितलं तर तू ते लपवशील.

पलीकडं निंबर्गी सर आणि त्यांची सून स्वरूपा.
सर उंच मारायच्या आधी ओठ मुडपतात.
स्वरूपा कठीण. चेहरा जेवणाच्या सुट्टीतल्या
बँकेच्या खिडकीसारखा.
पण खांद्याला खोटं बोलता येत नाही:
उजवा जरा मागं गेला की जोरात,
जागीच राहिला तर हळू, जाळीला घासून, किचनमध्ये.
चेंडू बघायचा मी सोडला नाही,
तो निघायच्या आधी बघायला शिकले.

आज दहा-नऊ.
गुडघे वाकलेले, टाचा हलक्या,
घामाचा थेंब पापणीवर अडलेला, पुसायचा कुठल्या हातानं?
दूधवाला पोरगा सायकलवरून एक पाय टेकून बघतोय.
टप. टप. लहान लहान फटके, चौदा झाले, पंधरा.
स्वरूपाचा खांदा मागं गेला.
अनसूयाची टाच टेकलेली.
मी आधीच वळलेली,
हवेतल्या एका रिकाम्या जागेसमोर पॅडल धरून,
आणि चेंडू जाळीत.

जिंकलो. सर वा म्हणाले.
अनसूयानं पदराचं टोक काढून तोंड पुसलं.
मला मात्र तो फटका हवा होता.
यायचा होता तो माझ्या मनगटात तसाच राहिला,
न वाजलेला.

स्कूटीवरून परतताना, सात रस्त्याला,
पुढचा रिक्षावाला सरळ बघत चाललेला,
इंडिकेटर नाही, हात नाही.
मी त्याचा खांदा पाहिला,
ब्रेकवर दोन बोटं ठेवली.
मागून अनसूया म्हणाली, "नीदि."

वळलाच तो, डावीकडं.